मुकुट दिला, किल्ली दिली नाही

प्रश्न : इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आयर्लंडवर गेला तो बेकेटच्या खुनाचं पाप धुवायला, असं वाचलं. हे खरं का? आणि त्याची मुलं त्याच्यावर उलटली, त्यात राणीचा दोष किती?
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : तीस वर्षं इतिहास शिकवताना हे दोन प्रश्न मी वेगवेगळ्या तासांना घेत आले. आता वाटतं, दोन्हींची गाठ १४ जून ११७० या एकाच दिवशी पडली. त्या दिवशी हेन्रीनं आपल्या हयातीतच पंधरा वर्षांच्या थोरल्या मुलाला, धाकट्या हेन्रीला, राज्याभिषेक करवला. आपल्यामागे भाऊबंदकी नको, हा हेतू. त्याची काळजी किती खरी होती हे बडोदेकरांना समजेल. १७६८ मध्ये दमाजीराव गायकवाड गेले आणि गोविंदराव व सयाजीराव या मुलांत गादीचा वाद पेटला, तो पेशव्यांच्या दारापर्यंत गेला.

पण राज्याभिषेक करण्याचा मान कँटरबरीच्या आर्चबिशपचा, म्हणजे इंग्लंडमधल्या चर्चच्या प्रमुखाचा. तिथला आर्चबिशप टॉमस बेकेट हा एके काळी राजाचाच चान्सलर आणि जिवलग. गुन्हेगार पाद्र्यांना शिक्षा राजाच्या न्यायालयानं द्यायची की चर्चच्या, यावरून ११६४ मध्ये दोघांचं बिनसलं आणि बेकेट फ्रान्सला गेला. तो नसताना अभिषेक यॉर्कच्या आर्चबिशपनं उरकला. डिसेंबरात बेकेट परतला, पण त्याआधीच त्या समारंभातल्या बिशपांवर त्यानं कारवाई केली होती. फ्रान्समधल्या त्याच्या मुलखात, नॉर्मंडीत, हे राजाच्या कानावर गेलं, तो संतापून बोलला आणि चार सरदार खाडी ओलांडून गेले. २९ डिसेंबरला बेकेटचा खून त्याच्याच कॅथीड्रलमध्ये झाला.

आता आयर्लंड. तिथल्या लिन्स्टर या राज्याचा पदच्युत राजा डरमॉट यानं हेन्रीच्या परवानगीनं त्याचेच सरदार मदतीला नेले होते. त्यांतल्या स्ट्राँगबोनं डरमॉटची मुलगी केली आणि ११७१ मध्ये सासरा वारल्यावर लिन्स्टरवर हक्क सांगितला. आपलाच सरदार समुद्रापलीकडे राजा होऊन बसतो, ही हेन्रीची खरी धास्ती. ऑक्टोबर ११७१ मध्ये तो मोठं आरमार घेऊन वॉटरफर्डजवळ उतरला. इतिवृत्तात ४०० जहाजांचा आकडा आहे. मोठी लढाई झालीच नाही; बहुतेक आयरिश राजांनी येऊन मान तुकवली. हिवाळाभर डब्लिनला राहिल्यानं खुनाबद्दल आलेल्या पोपच्या वकिलांची भेट लांबली, तेही त्याच्या पथ्यावर पडलं. पण प्रायश्चित्त म्हणावं असं त्या स्वारीत मला काही दिसत नाही. चर्चशी समेट नंतर, मे ११७२ मध्ये, नॉर्मंडीतल्या अव्रांशला झाला. चर्चच्या खटल्यांत रोमकडे, म्हणजे पोपकडे, दाद मागायची वाट राजाला मोकळी करावी लागली.

मुलांचं सांगताना मला आमचं दुकान आठवतं. वडिलांनी पाटीवर दादाचं नाव चढवलं, पण गल्ल्याची किल्ली शेवटपर्यंत स्वतःच्या कनवटीला ठेवली. दादा दोन वर्षांत घर सोडून गेला. धाकट्या हेन्रीचं तेच झालं. मुकुट होता, स्वतःच्या हुकमतीचा मुलूख नव्हता. ११७३ च्या सुरुवातीला बापानं शिनों, लूदाँ आणि मिरबो हे किल्ले सर्वांत धाकट्या जॉनला, त्याच्या सोयरिकीसाठी, देऊ केले. थोरला रातोरात निघून सासऱ्याकडे, फ्रान्सच्या राजाकडे गेला. रिचर्ड आणि जेफ्री हे भाऊही त्याला मिळाले. म्हणजे तेव्हा तिघं उलटले. जॉन लहान होता, तो उलटला ११८९ मध्ये.

१२ जुलै ११७४ ला हेन्री अनवाणी बेकेटच्या समाधीशी गेला आणि भिक्षूंकडून पाठीवर फटके घेतले. वाचकहो, पापक्षालन शोधायचं तर इथे शोधा. दुसऱ्याच दिवशी बंडखोरांना मिळालेला स्कॉटलंडचा राजा उत्तरेत पकडला गेला, आणि लोकांनी त्यात संताचा कौल पाहिला.

राहिली राणी एलेनॉर. तिनं मुलांना साथ दिली, हे खरंच. पण नैऋत्य फ्रान्समधलं ॲक्विटेन तिचं माहेरचं राज्य होतं आणि तिथेही अखेरचा शब्द नवऱ्याचाच चालत होता. पुरुषी वेशात निसटताना ती पकडली गेली. मुलांना माफी मिळाली, जहागिऱ्या मिळाल्या; ती मात्र नवरा मरेपर्यंत, सोळा वर्षांच्या आसपास, कैदेत राहिली. हा अन्याय मला अजून सलतो. ११८९ मध्ये सुटल्यावर, नवा राजा झालेला रिचर्ड इंग्लंडला पोहोचण्याआधी, तिनं त्याच्या नावानं ठिकठिकाणचे कैदी सोडायला लावले.