दाखल्यावरचे ८० टक्के आणि बुडालेली कमाई

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३२) पगारावर टेम्पो चालवायचा; महिना १५,००० रुपये, रोखीने. चार महिन्यांपूर्वी सुट्टीच्या दिवशी दुचाकीवरून येताना ट्रकने मागून ठोकलं. डावा पाय मांडीतून कापावा लागला. दाखल्यावर ८० टक्के अपंगत्व आहे. भरपाईही तेवढ्याच टक्क्यांनी मिळेल का?

उत्तर : आधी तारीख बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे, म्हणजे तुमच्या हातात दोनच उरले. अपघात दूरच्या जिल्ह्यात झाला असला तरी दावा तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो.

आता टक्के. डॉक्टर शरीराची हानी मोजतात, न्यायाधिकरण कमाईतली घट. डावा हात गेला तर ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची कदाचित अजिबात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच म्हटलंय. टेम्पोचा क्लच डाव्या पायाने दाबतात, तेव्हा १०० टक्के मागा. हिशेब असा : १५,००० अधिक भावी वाढीचे ४० टक्के, म्हणजे २१,०००, वर्षाचे २,५२,०००, बत्तिसाव्या वर्षाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १६. एकूण ४०,३२,००० रुपये. ८० टक्क्यांनी हेच ३२,२५,६०० होतात. मृत्यूच्या दाव्यात वैयक्तिक खर्चाची वजावट होते, इथे होत नाही. उपचार आणि वेदनांची भरपाई वेगळी.

घोडं अडतं ते पुराव्यापाशी. दाखल्यात ८० टक्के ‘डाव्या पायाचे’ की ‘संपूर्ण शरीराचे’, हे स्पष्ट नसेल तर विमा कंपनीचा वकील नेमकं तेच धरतो. उपचार करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवा. नुसता कागद पुरत नाही. पगार रोखीचा, म्हणून टेम्पोमालकाची साक्ष आणि भावाचा टेम्पो चालवण्याचा परवाना हवाच. नाहीतर उत्पन्न अंदाजाने धरलं जातं, आणि तो अंदाज सहसा कमीच असतो.

कृत्रिम पायाचं एकच बिल जोडणं ही नेहमीची चूक. पहिल्या काही महिन्यांत मांडीचा उरलेला भाग आक्रसतो, सॉकेट (तो भाग ज्यात बसतो तो खोबणीचा भाग) सैल पडून घासतं, नवं करावं लागतं. पुढेही पाय झिजतो. बनवणाऱ्याकडून किंमत, किती वर्षं टिकेल आणि दुरुस्तीचा खर्च लेटरहेडवर लिहून घ्या. आयुष्यभरात किती वेळा बदलावा लागेल ते त्यावरूनच मांडता येईल.