अमेरिकन गायक-गीतकार जेसन इझबेलच्या 'साउथईस्टर्न' या अल्बमचं एवढं कौतुक का झालं? गाणी खरंच चांगली आहेत, की समीक्षकांना त्याने दारू सोडल्याची गोष्ट आवडली?

दोन्ही. पण समीक्षकांनी ज्या गाण्याला डोक्यावर घेतलं त्यापेक्षा त्याच अल्बममधली दुसरी दोन-तीन मला जास्त मोठी वाटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इझबेल अलाबामातल्या ग्रीन हिलचा. रेकॉर्डिंग स्टुडिओंसाठी प्रसिद्ध असलेलं मसल शोल्स तिथून जवळच, आणि तिथल्या फेम स्टुडिओसाठी तो विशीतच गाणी लिहून द्यायचा. २००१ ते २००७ तो 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स' या बँडमध्ये होता. दारू तेव्हाही भरपूर. फेब्रुवारी २०१२ मध्ये व्हायोलिनवादक-गायिका अमांडा शायर्स आणि जवळच्या माणसांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात धाडलं. वर्षभराने दोघांनी लग्न केलं आणि ११ जून २०१३ ला हा अल्बम आला. निर्माता डेव्ह कॉब, लेबल इझबेलचं स्वतःचं. याआधीचे दोन अल्बम 'फोर हंड्रेड युनिट' या त्याच्या बँडच्या नावासकट आले होते. यावर फक्त त्याचं नाव.

आता इतकी तयार कथा हातात आल्यावर कुठला समीक्षक सोडेल? अल्बम यायच्या तोंडावर न्यू यॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात त्याच्यावर मोठा लेख आला, आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक परीक्षण व्यसनमुक्तीपासूनच सुरू झालं. पहिलंच गाणं 'कव्हर मी अप' अमांडासाठी लिहिलेलं. त्यात दारू सोडल्याची ओळ आली की कार्यक्रमात प्रेक्षक अजूनही मध्येच आरडाओरडा करून टाळ्या वाजवतात. गाणं उत्तमच आहे, आवाज फाटेपर्यंत तो जीव ओतून गातो. पण त्यामुळे अख्खा अल्बम म्हणजे त्याची डायरी, असा समज पसरला.

'एलिफंट' ऐका. गाणारा माणूस जेसन नाहीच, त्याचं नाव अँडी आहे. कर्करोगाने मरायला टेकलेली त्याची मैत्रीण त्याच्यासोबत बारमध्ये बसते, कपातून दारू पिते, आजारावर विनोद करते. तो तिला उचलून घरी निजवतो आणि जमिनीवर गळलेले तिचे केस झाडून काढतो. धीर देणारं एक वाक्य नाही. तो विषय सोडून दोघं बाकी सगळं बोलतात. दारूतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाने दोन पिणाऱ्यांवर इतकं मायेने लिहावं आणि कुठेही उपदेश करू नये, ही मला खरी कमाल वाटते.

'लाइव्ह ओक' त्याहून वरचढ. निवेदक जुन्या काळातला दरोडेखोर, हातून खून झालेले. आता तो सुधारलाय, एका बाईसोबत राहतो, आणि त्याला भीती ही की तिला आवडला तो आधीचा, रक्ताने हात माखलेला माणूस. व्यसन सोडणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ही शंका असणार: पिणं गेलं, त्याबरोबर माझ्यातलं लोकांना आवडणारंही गेलं का? इझबेलने ती स्वतःच्या तोंडी न घालता एका खुन्याच्या तोंडी घातली. आत्मचरित्र शोधणाऱ्यांनी इथे पाहायला हवं होतं. 'इव्हेट'मध्ये तर बापाचा अत्याचार सोसणाऱ्या मुलीचा वर्गमित्र बंदूक साफ करत बसलाय.

सगळंच सोनं नाही. 'सुपर एट' हे मोटेलमधल्या धिंगाण्यावरचं रॉक गाणं मी बहुतेक वेळा वगळतो. काहींना ते एवढ्या जड गाण्यांत मोकळा श्वास वाटतं, असेल.

पुरस्कारांचं म्हणाल तर २०१४ च्या अमेरिकाना (अमेरिकन लोकसंगीत-कंट्रीच्या मुळांवरचं संगीत) पुरस्कारांत वर्षातला कलाकार, अल्बम आणि गाणं, तिन्ही त्यालाच मिळाले. बिलबोर्डच्या यादीत अल्बम २३ व्या क्रमांकापर्यंत गेला. छोट्या लेबलसाठी हे चांगलंच. ग्रॅमीने मात्र दखल घेतली ती पुढच्या अल्बमची, २०१६ मध्ये, दोन पुरस्कार देऊन.

तुमच्या शंकेची परीक्षा पुढे आपोआप झाली. डिसेंबर २०२३ मध्ये इझबेलने घटस्फोटासाठी अर्ज केला. ज्या प्रेमकथेवर परीक्षणं उभी होती ती संपली. 'कव्हर मी अप' आता ऐकताना थोडं वेगळं लागतं, हे मान्य. 'एलिफंट' आणि 'लाइव्ह ओक'ला मात्र ओरखडाही नाही, कारण ती त्या कथेवर कधी उभीच नव्हती.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर शब्द समोर ठेवा, अमेरिकेच्या दक्षिणेकडचे उच्चार सुरुवातीला पटकन कळत नाहीत. आणि पहिल्या गाण्यापासून नको, 'लाइव्ह ओक'पासून सुरू करा.