भारताने इराणवर बंदी घातलेली नाही, तरी आपल्या बँका इराणचे पैसे का नाकारतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावाच्या औषधांच्या फर्मला तेहरानहून ऑर्डर आली, माल पूर्णपणे कायदेशीर, तरी बँकेने ते पैसे घ्यायला नकार दिला. बंदी अमेरिकेची, मग भारतीय बँकेने ती का पाळायची?

मी निर्यातीची कागदपत्रं बघतो, त्यामुळे बँकांच्या फॉरेक्स डेस्कशी रोजचा संबंध. कायद्याने बघितलं तर तुमचं बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध भारताला बंधनकारक असतात, अमेरिकेचे नाहीत. पण बँकेला भीती कोर्टाची नसते, नॉस्ट्रो खात्याची, म्हणजे परदेशी बँकेत ठेवलेल्या आपल्या खात्याची असते. आपल्या बहुतेक मोठ्या बँकांचे डॉलर न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेतल्या खात्यात असतात आणि डॉलरमधलं जवळपास प्रत्येक मोठं पेमेंट तिथूनच क्लिअर होतं. अमेरिकेने 2010 मध्ये कायदा केला की, अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीतल्या इराणी बँकांशी मोठे व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकेचं हे खातं बंद करता येईल. पुढच्याच वर्षाअखेरीस इराणची मध्यवर्ती बँक आणि तेलाचे पैसेही त्याच कचाट्यात आणले. म्हणजे बँकेसमोर प्रश्न उरतो तो एवढाच: इराणच्या एका औषधाच्या बिलासाठी सगळ्या ग्राहकांचे डॉलर पणाला लावायचे का? ब्रँच मॅनेजर काय उत्तर देणार हे उघड आहे.

ही धास्ती हवेतून आलेली नाही. स्विफ्ट ही बँकांमधल्या संदेशांची यंत्रणा. तिच्या पेमेंट संदेशात पैसे कोण पाठवतंय आणि कुणाला मिळणार आहेत, याच्या ठराविक ओळी असतात. न्यूयॉर्कच्या बँकेचं सॉफ्टवेअर त्या ओळी यादीशी ताडून बघतं आणि नाव जुळलं की पेमेंट अडकतं. युरोपातल्या काही नामवंत बँका वर्षानुवर्षं त्या ओळींमधून इराणी बँकेचं नाव काढून संदेश पुढे पाठवत होत्या. हे उघडकीला आल्यावर 2009 मध्ये लॉइड्सने 35 कोटी डॉलर भरले आणि क्रेडिट स्विसने 53.6 कोटी. 2012 मध्ये एचएसबीसीने 1.9 अब्ज भरले, त्यात मेक्सिकोच्या ड्रग्जच्या पैशांचं प्रकरणही होतं. स्टँडर्ड चार्टर्ड 2012 आणि 2019 अशी दोनदा सापडली. 2014 मध्ये बीएनपी पारिबाने गुन्हा कबूल करून सुमारे 8.9 अब्ज डॉलर दिले. त्यातला मोठा भाग सुदानच्या व्यवहारांचा होता, पण इराणही होता. बाकी बँकांना त्या आकड्यापेक्षाही जास्त झोंबली ती सोबतची अट: पुढचं वर्षभर काही विभागांना डॉलर क्लिअरिंग बंद. तेव्हापासून बँकेतले कम्प्लायन्सवाले, म्हणजे नियमपालन तपासणारे, ‘इराण’ हा शब्द दिसला की फाइल बाजूला ठेवतात. आत काय आहे ते बघत नाहीत.

आपल्याकडची गोष्ट जास्त बोलकी आहे. डिसेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने एशियन क्लिअरिंग युनियनमधून, म्हणजे आशियाई देशांच्या मध्यवर्ती बँका आपसातली देणी फेडतात त्या व्यवस्थेतून, इराणचे पैसे देणं थांबवलं. मग तेलाचे पैसे हॅम्बुर्गच्या एका इराणी-जर्मन बँकेमार्फत जाऊ लागले. युरोपीय संघाने तीही आपल्या निर्बंधांच्या यादीत टाकली, तेव्हा तुर्कस्तानची हल्कबँक आली. शेवटी 2012 मध्ये तोडगा निघाला तो कोलकात्याच्या युको बँकेचा. युकोच का? अमेरिकेत तिचं गमावण्यासारखं काही नव्हतं म्हणून. आपल्या रिफायनऱ्या तेलाच्या बिलाचे 45 टक्के युकोत रुपयांत भरायच्या आणि त्याच रुपयांतून इराण आपल्याकडून बासमती, चहा, सोयापेंड, औषधं घ्यायचा. मला ही व्यवस्था मनापासून आवडायची, कारण तिच्यात कुठे लपवाछपवी नव्हती. पण त्या खात्यात पैसा यायचा तो तेलातून. मे 2019 मध्ये इराणी तेल घेण्यासाठीची अमेरिकेची सवलत संपली, आपण तेल घेणं बंद केलं आणि खातं आटत गेलं. हरियाणा-पंजाबच्या तांदूळ निर्यातदारांची बिलं अडकली ती त्यामुळे.

थेट भागीदारी असलेल्या संस्थांचं तर आणखी अवघड. मुंबईच्या शिपिंग कॉर्पोरेशनची इराणच्या सरकारी जहाज कंपनीबरोबर इराणो-हिंद नावाची जुनी कंपनी होती. त्यात 51 टक्के इराणचे, 49 आपले. जून 2010 मध्ये सुरक्षा परिषदेच्या 1929 क्रमांकाच्या ठरावाने तिचं नाव यादीत घातलं आणि पुढे ती गुंडाळावी लागली. इराणचं चाबहार बंदर चालवण्यासाठीची इंडिया पोर्ट्स ग्लोबल ही कंपनी मुळात आपलं न्हावा शेवाचं जेएनपीटी आणि कांडला या बंदरांनी मिळून काढली. मे 2024 मध्ये तिने दहा वर्षांचा करार केला आणि सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने चाबहारला निर्बंधांतून दिलेली सूट काढून घेतली. नंतर सहा महिन्यांची मुदत मिळाली. अशा टांगत्या मुदतीवर बंदर कसं उभं राहणार, ते अमेरिकेनेच सांगावं.

आता औषधं. कागदावर अन्न, औषधं आणि वैद्यकीय साहित्य यांना निर्बंधांतून सूट आहे. पण ऑक्टोबर 2020 मध्ये इराणच्या 18 बँका एकाच दिवशी यादीत गेल्या. सूट मालाला आहे, पण पैसे आणायला बँकच तयार नाही. एपिडर्मोलिसिस ब्युलोसा या आजारात मुलांची कातडी नुसत्या घासण्यानेही सोलते. त्यांना लागणाऱ्या खास पट्ट्या बनवणाऱ्या स्वीडनच्या मोल्निके कंपनीने निर्बंधांमुळे इराणला पुरवठा थांबवला. 2019 च्या ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात हे आहे. नाव पुसणाऱ्या बँकांनी दंड भरले आणि धंदा चालू ठेवला. किंमत मोजली ती या मुलांनी. याचा मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

भावाने काय करावं? ‘दुबईतल्या फर्मच्या नावाने बिल करा, कुणाला कळतंय’ असा सल्ला देणारे भेटतील. तो अजिबात ऐकू नका. जुलै 2025 मध्ये इराणी पेट्रोकेमिकलच्या व्यवहारांवरून सहा भारतीय कंपन्या अमेरिकेच्या यादीत गेल्या आणि यादीत गेलेल्याशी मग इथल्या बँकाही व्यवहार करायला धजावत नाहीत. खरेदीदाराचं नाव यादीत नाही, एवढ्यावर थांबू नका. कंपनीत यादीतल्यांची मालकी मिळून 50 टक्के किंवा जास्त असेल, तर कंपनीचं नाव नसलं तरी ती यादीतच धरली जाते. जहाजाचा आयएमओ क्रमांकही तपासा, कारण नाव बदललं तरी तो बदलत नाही. बँकेला तोंडी विचारू नका. रुपयांतला मार्ग आज चालू आहे का, हे पत्र देऊन विचारा म्हणजे तुमचा अर्ज कम्प्लायन्सपर्यंत तरी पोचेल. आणि हे सगळं करण्याआधी खरेदीदाराकडून त्याच्या बँकेचं नाव लेखी घ्या. ती यादीतली असेल, तर माल गोदामातून हलवण्याआधी पैशांचा दुसरा कायदेशीर मार्ग बँकेकडून लेखी मिळायला हवा.