७५ हर्ट्झला स्क्रीन काळी का होते?

प्रश्न: दादा, माझा जुना ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) फुल एचडी मॉनिटर आहे, कस्टम रिझोल्यूशन (स्वतः ठरवलेली डिस्प्ले सेटिंग) टाकून ७० पर्यंत मस्त चालतो पण ७५ केलं की स्क्रीन काळी आणि १५ सेकंदांनी परत आधीची सेटिंग. तपकीर गल्लीतून आणलेला एचडीएमआय-डीव्हीआय कन्व्हर्टर लावलाय. पॅनल गेलं का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: नाही रे, पॅनलवर एवढ्यात शंका घेऊ नकोस, आधी तो कन्व्हर्टर बघ. सिंगल लिंक (साध्या, एकेरी जोडणीच्या) डीव्हीआयची पिक्सेल क्लॉकची, म्हणजे पिक्सेल पाठवायच्या वेगाची, मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ, आणि १०८० पीला, म्हणजे फुल एचडीला, रिड्यूस्ड ब्लँकिंग (दोन चित्रांमधला रिकामा वेळ कमी करणं) लावलं तरी ७० हर्ट्झला साधारण १६२ लागतात, ७५ ला १७४ च्या आसपास, म्हणजे तू बरोबर भिंतीला टेकलायस. मागे डिस्प्लेपोर्ट असेल तर सरळ त्याची केबल लाव आणि एकेक हर्ट्झ वाढवत जा. तरीही काळी झाली तर मग मॉनिटरच्या आतल्या बोर्डाची मर्यादा, तिथे हट्ट नको.

आणि हो, ७५ दिसलं म्हणजे मिळालं असं नसतं, काही मॉनिटर गुपचूप फ्रेम गाळतात! फ्रेम स्किपिंगची (फ्रेम गाळल्या जातात का ते बघायची) टेस्ट स्क्रीनवर लाव, त्यात एकेक चौकोन पुढे सरकत उजळतो, मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१० सेकंद ठेवून फोटो काढ. उजळलेले चौकोन सलग आले तर छान, मध्येच एखादा काळा राहिला तर फ्रेम गळतायत, मग ७० च बरं. रेघा किंवा फ्लिकर दिसला तर लगेच खाली ये.