डबा नंतर, आधी नेणारा कोण ते बघा (चाळीसगावच्या भाऊंना)

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि मला आमचा जिन्याखालचा कोपराच दिसायला लागला. वडील गेल्यावर दोन पिशव्या औषधं उरली, घंटागाडीत टाकायला मन होईना, म्हणून कॉलनीचं मंडळ आणि दोन मेडिकलवाले मिळून गावातली जुनी औषधं गोळा करायचा डबा ठेवायचा म्हणताय. अगदी हेच आम्ही केलं होतं तीन वर्षांपूर्वी, सासूबाई गेल्या तेव्हा. आमची १४ जणींची भिशी, गल्लीच्या तोंडावरचा मेडिकलवाला आणि शाळेतल्या एक बाई, एवढीच आमची फौज. मी डॉक्टर नाही, फार्मसीवाली पण नाही, जे भोगलं ते लिहितेय, तुमच्याकडे वेगळं निघू शकतं.

गटारीत ओतू नका, अंगणात जाळू नका हे सांगत बसत नाही, ते कळतं म्हणूनच तर विचारलंत.

तुम्ही विचारताय डबा पत्र्याचा घ्यावा का प्लास्टिकचा, बोर्डावर काय लिहावं. ते सगळं नंतर हो! डब्यातला माल नेणार कोण, जळणार कुठे, पैसे कोण भरणार, हे कागदावर येत नाही तोवर डबा ठेवूच नका. आम्ही बरोब्बर उलटं केलं. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवड्यात डबा ठेवला, लेकी माहेरी आलेल्या, त्यांनी आईबापाची कपाटं उपसली, आम्हाला वाटलं पाच-सात किलो येईल फार तर. जून लागेपर्यंत ६१ किलो झालं! दर रविवारी डबा रिकामा करायचा आणि पोती आमच्या जिन्याखाली.

आणि हे सगळं कशाच्या भरवशावर, तर एका कार्यालयातल्या साहेबांच्या. कोणतं ते विचारू नका, सांगणार नाही. त्यांनी चहा पाजला, "ताई, चांगलं काम हाती घेतलंय, तुम्ही गोळा करा, न्यायचं आम्ही बघतो" म्हणाले, आणि मी अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून खुशीत घरी आले. आवक क्रमांक नाही, पोच नाही, झेरॉक्सवर शिक्का नाही. माझी घोडचूक ती हीच. जूनमध्ये गेले तर साहेबांची बदली झालेली आणि नवीन माणूस म्हणे असा अर्जच नाही आमच्याकडे. मग सुरू झाली वारी. इथे म्हणतात औषध आहे ना, मग औषधवाल्यांकडे जा. तिथे म्हणतात दुकानातला माल असता तर पाहिलं असतं, हा तर कचरा. तिसरीकडे म्हणतात दवाखान्याचा कचरा आमचा, घरातला नाही. मे महिन्यातलं आपलं ऊन तुम्हाला सांगायला नको, ४५ डिग्रीत सिरपच्या बाटल्या पाझरल्या, पोत्याला मुंग्या, जिन्यात तो गोडसर-कडू वास, आणि आमचे हे येता-जाता विचारायचे, भिशी काढलीय का गोडाऊन?

पोळ्याच्या आसपास सुटका झाली ती एका रिटायर स्वच्छता निरीक्षकांमुळे. त्यांनी तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांचा कागदच काढून दाखवला, त्यात घरगुती घातक कचऱ्यात पेंटचे डबे, सीएफएल बल्ब, सुया यांच्या जोडीला एक्सपायर झालेली औषधं चक्क नावानिशी लिहिली होती, आणि असा कचरा घ्यायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र स्थानिक संस्थेने करायचं असंही. म्हणजे दार नगरपालिकेचं ठोठवायचं होतं आणि मी भलतीकडे उन्हात हिंडत होते. दवाखान्यांची पिवळ्या पिशव्यांची जी गाडी येते तिचे नियम वेगळे, तेही २०१६ चेच, त्यांच्या पिशवीवर बारकोड असतो, कोणाकडून काय उचललं त्याचा हिशोब ठेवावा लागतो, म्हणून ती गाडी कोणाच्याही जिन्याखालून माल उचलत नाही. पालिकेचं पत्र हातात पडल्यावर मात्र आली मुकाट्याने.

बिल किलोवर होतं. आम्ही पुठ्ठ्याची खोकी, माहितीची कागदं, सगळं तसंच भरलं होतं, म्हणजे भिशीच्या पैशातून रद्दी जाळली. तेव्हा खोकं कोरड्या कचऱ्यात टाका, गोळ्या पट्टीतच राहू द्या, सोडवत बसू नका. लेबलवर पेशंटचं नाव असेल तर मार्कर फिरवा, गल्लीत कोणाला काय आजार आहे हे डब्यावरून कळायला नको. इन्सुलिनच्या सुया तर डब्यात घेऊच नका, आमच्या शाळेतल्या बाईंच्या बोटात घुसली होती, पुढे महिनाभर तपासण्या आणि घोर.

मेडिकलवाल्यांवर चिडू नका बरं का. त्यांचा एक्सपायरी माल बॅच आणि बिल बघून स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) परत जातो, त्यात तुमच्या वडिलांच्या अर्ध्या पट्ट्या बसत नाहीत. त्याला स्पष्ट सांगा की तुझ्या मालात मिसळणार नाही, वही वेगळी, चावी मंडळाकडे. मग तयार होतात.

चावीवरून आठवलं, कुलूप पाहिजेच. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम वगैरे लोक नशेसाठी खातात. मालेगावकडे तिला कुत्ता गोळी का म्हणतात ते ठाऊक असेलच तुम्हाला. आणि वडिलांच्या पिशवीत ट्रामाडोल, मॉर्फिन किंवा फेंटानिलचे पॅच असतील तर ते डब्यापर्यंत आणूच नका. २०२५ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रण खात्याने १७ औषधांची यादी काढली, ती घरात पडू न देता संडासात फ्लश करा म्हणून, त्यात ही आहेत, डायझेपाम पण आहे. चुकीच्या माणसाने एक डोस घेतला तरी जीव जाऊ शकतो, म्हणून. मला स्वतःला पाण्यात सोडणं पटत नाही, पण ज्या घरात लहान पोरं आहेत तिथे मी पण तेच करीन. बाकीच्या औषधांना हे लावू नका.

कोणीतरी नक्की येईल की तारीख न गेलेल्या गोळ्या गरिबांना वाटू. माझं स्पष्ट मत, नाही. तीन उन्हाळे पत्र्याखाली काढलेल्या गोळीच्या तारखेवर मी विश्वास ठेवत नाही, मग गरिबाने का ठेवावा? पटत नसेल तर वाद घाला, मी मत बदलणार नाही.

केरळात २०२५ ला कोझिकोडपासून एनप्राउड नावाने हेच काम सुरू झालं, पण तिथे औषध नियंत्रण खातं स्वतः पुढे आलं, हरित कर्म सेनेच्या (तिथल्या कचरा गोळा करणाऱ्या गटाच्या) बायका घरोघरी जाऊन गोळा करतात, आणि माल जाळायची जागा आधीच ठरलेली. आपल्याकडे मी फाईल घेऊन टेबलं मोजत होते. जाऊ द्या, बीपी वाढतो.

तुम्ही पालिकेच्या आरोग्य विभागाला अर्ज द्या, सोबत मंडळाचा ठराव आणि दोन्ही मेडिकलची संमती जोडा. माल कधी नेणार, पैसे कोण देणार हे त्यांच्याकडून लेखी घ्या, महिन्याला किती किलोपर्यंत घेणार तेही. त्याहून जास्त झालं की डब्याला सरळ झाकण लावून टाकायचं, लोक बोलले तरी. आमच्या अर्जाचा नमुना पाहिजे तर सांगा, टाकते इथे. आणि डबा दुकानाच्या आत ठेवा, पायरीवर नको, आमच्या डब्यात रोज संध्याकाळी भज्यांचे कागद निघायचे.