धो धो पावसात १० किलोमीटरची रोड रेस पळावी का?

हो भाऊ, बिनधास्त पळा, फक्त विजा कडाडत असतील तर अजिबात नाही. मी यवतमाळकडच्या खेड्यातला, आषाढ-श्रावणात डांबरी रोडवरच प्रॅक्टिस करतो, पावसानं अंग तापत नाही म्हणून दम उलट चांगला टिकते, त्रास होते तो ओल्या कपड्याचा, सुती बनियन पाणी धरून जड होते अन् घासते, म्हणून पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला अन् मांड्यांना, काखेत, छातीवर व्हॅसलीन चोपडा. रोडच्या कडेला जाऊच नका, वावरातून ट्रॅक्टरच्या चाकानं आलेली काळी माती तिथं साबणासारखी होते. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर रेस सोडा, पक्क्या घरात शिरा, झाडाखाली नाही, अन् शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथंच थांबा.