गोव्यात ४५१ वर्षं राज्य होतं तरी पोर्तुगीज रुजली नाही, मग अंगोला-मोझांबिकमध्ये ती घराघरांत कशी?

राज्य जितकं जुनं तितकी भाषा खोल, असं तुम्ही धरून चालला आहात, आणि घोटाळा तिथेच होतो. अंगोलात पोर्तुगीज खरी पसरली ती पोर्तुगीज राज्यकर्ते निघून गेल्यावर.

१९५० साली अंगोलातल्या आफ्रिकी लोकांत 'असिमिलादो' (पोर्तुगीज रीतीत मिसळलेला म्हणून नागरिकाचे हक्क मिळालेला) असा दर्जा मिळालेले एक टक्काही नव्हते. त्यासाठी पोर्तुगीज लिहिता-बोलता येण्याची अट होती आणि शाळा मोजक्याच. नोव्हेंबर १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण यादवी युद्ध २००२ पर्यंत चाललं. जीव वाचवायला खेड्यापाड्यांतले लोक राजधानी लुआंडात आले. एका घरात उंबुंदु, शेजारी किंबुंदु, पलीकडे किकोंगो. बाजारात आणि शाळेत सगळ्यांना कळेल अशी एकच भाषा उरली. पोरं तिच्यात वाढली, त्यांच्या मुलांना तर दुसरी भाषाच धड येईना. २०१४ च्या जनगणनेत ७१ टक्के लोकांनी घरी पोर्तुगीज बोलत असल्याचं सांगितलं. यात आजी-आजोबांच्या भाषा मागे पडल्या, हे मला फार मोठं नुकसान वाटतं.

मोझांबिकबद्दल मात्र 'घराघरांत' म्हणता येणार नाही. कुठलीच स्थानिक भाषा बहुसंख्यांची नसल्यामुळे स्वातंत्र्यासाठी लढून सत्तेवर आलेल्या फ्रेलिमो पक्षाने जुन्या राज्यकर्त्यांचीच भाषा राजभाषा म्हणून ठेवली. तरी २०१७ मध्ये ती मातृभाषा असलेले १७ टक्क्यांच्या आसपासच होते. केप व्हर्दे आणि गिनी-बिसाऊतही राजभाषा पोर्तुगीज, पण लोकांच्या तोंडी क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज आणि स्थानिक भाषांच्या मिश्रणातून घडलेली बोली. त्यामुळे नकाशावर रंगवलेले देश बघून अंदाज बांधू नका.

आता गोवा. इथे शेतकरी, भाटकार (जमीनदार) आणि पाद्री या सगळ्यांना जोडणारी कोंकणी आधीपासूनच होती, मधे तिसऱ्या भाषेची गरजच नव्हती. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोंकणी सोडा असा हुकूम काढला, तोही फुकट गेला, कारण पोर्तुगालहून येऊन स्थायिक झालेली कुटुंबं फारच थोडी होती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हा भाग तर पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकात आला. तिथे देवळं राहिली आणि मराठीही राहिली. पोटापाण्यासाठी माणसं मुंबईला जात, तिथे इंग्रजी लागे. पोर्तुगीज उरली ती वकील, कारकून आणि मोठ्या भाटकारांच्या घरात. १९६१ नंतर तिचा पगार बंद झाला. (हा 'पगार' शब्दही त्यांचाच, मूळ अर्थ 'पैसे देणे'.) आज ती मुख्यतः जुन्या कागदांत भेटते. १९६१ पूर्वीची जमिनीची किंवा जन्माची नोंद काढायची असेल तर पोर्तुगीज जाणणारा माणूस शोधावा लागतो.

पोर्तुगीज मुळाची जिवंत बोली ऐकायची असेल तर गोव्याऐवजी रायगड जिल्ह्यात जा. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई आहे. कोर्लईसह शेजारचं चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं आणि पोर्तुगीजांचा अंमल संपला. पण इथला छोटा ख्रिस्ती समाज बहुतेक लग्नं आपसातच करत राहिला आणि त्याने बोली जपली. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठीकडे झुकलेली, क्रियापद शेवटी. बोलणारे हजाराच्या आसपास, आणि त्यांच्या मुलांची शाळा मराठीत.